तांबे उतरणीला, काच चढणीला

सरकारी वाङ्मयाचे जे अनेक प्रकार आपल्या देशात भरभराटीला आले, त्यांपैकी तिमाही अहवाल हा प्रकार मला सर्वाधिक वाचनीय वाटतो. कारण अंदाजपत्रकाची धूर्तता आणि पंचांगाचा आत्मविश्वास हे एरवी एका ठिकाणी सहसा न आढळणारे दोन गुण त्यात गुण्यागोविंदाने नांदतात. १९९७ साली स्थापन झालेल्या भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने हा प्रकार विशेष निष्ठेने जोपासला असून, मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबर या चार महिन्यांच्या अखेरीस या देशातील किती प्रजाजनांच्या खिशात, टेबलावर अथवा भिंतीवर संभाषणाचे साधन होते, याचा हिशेब ते दशांशचिन्हापुढे दोन घरांपर्यंत नेऊन भिडवते. ज्या देशात मुलीच्या लग्नात पाने किती उठतील याचा अदमास बापाला शेवटची पंगत बसेपर्यंत येत नाही, त्या देशात दर शंभर माणसांमागे इतके पूर्णांक इतके शतांश दूरध्वनी आहेत असे कोणी बजावून सांगू लागला, तर त्याच्याविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही.

या अहवालांचा गठ्ठा क्रमाने वाचत गेल्यास त्यात एक बरीच करुण आणि शेवटी थोडी चमत्कारिक अशी कथा दडलेली आढळते. तारेवरचा दूरध्वनी, ज्याला पूर्वी नुसता ‘फोन’ म्हणत आणि आता ‘लँडलाइन’ असे संपूर्ण नाव घेऊन ओळख पटवावी लागते, तो २००५ च्या सुमारास आपल्या देशात पाच कोटींच्या घरात पोहोचला होता. त्यानंतर त्याला उतरती कळा लागली ती अशी की, एकेक तिमाही त्यातले काही लाख घेऊन जात राहिली, आणि २०२० च्या आसपास हा आकडा दोन कोटींच्या जवळ येऊन टेकला. त्याच्या निधनाची वार्ता आता पुढच्याच अहवालात वाचावयास मिळणार अशी जाणकारांची खात्री होत चालली असतानाच तो आकडा उलटा वर चढू लागला, आणि २०२३ च्या अखेरीस तीन कोटींच्याही पलीकडे गेला. लोकांना आपल्या जुन्या काळ्या यंत्राची अकस्मात आठवण होऊन गहिवर आला की काय, अशी शंका एखाद्या भाविक वाचकास येईल. परंतु तसे काही घडलेले नव्हते. तांबे खाली जातच राहिले होते. वर चढली ती काच.

घडले ते असे. इंटरनेटसाठी म्हणून काचेचा तंतू घराघरांत शिरू लागला, आणि भाजीवालीने पावशेर मिरच्यांवर कोथिंबिरीच्या चार काड्या टाकाव्यात, तसा त्या तंतूबरोबर कंपन्यांनी एकेक दूरध्वनी क्रमांकही ग्राहकाच्या पदरात फुकट टाकण्यास आरंभ केला. ग्राहकाने तो क्रमांक मागितला नव्हता. मिळाल्यावर पाहिला नाही. त्याला यंत्र जोडण्याचा तर प्रश्नच उद्भवला नाही. तथापि नियामकाच्या दफ्तरी या गृहस्थाच्या घरी तारेवरचा दूरध्वनी आहे, अशी नोंद यथाविधी रुजू झाली. २०२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात या हिशेबाने जिओ ही खाजगी कंपनी तारेवरच्या दूरध्वनींच्या संख्येत भारत संचार निगमाच्याही पुढे निघून गेली. सव्वाशे-दीडशे वर्षांची परंपरा सांगणाऱ्या सरकारी खात्याच्या वारसाला मागे टाकणाऱ्या या कंपनीची घरगुती तंतुसेवा २०१९ च्या सप्टेंबरात रीतसर सुरू झाली होती, म्हणजे ती तेव्हा पुरती तीन वर्षांचीही नव्हती. एवढी मोठी क्रांती होऊनही कोणाच्या घरात घंटा वाजली नाही, याचे कारण उघड आहे. घंटा वाजण्यासाठी यंत्र लागते.

या नोंदीतील मौज पुरती ध्यानात येण्यास वाचकाचे वय निदान पन्नाशीच्या पुढे असावे लागते. मुंबईत दूरध्वनीचे पहिले केंद्र खाजगी कंपनीने १८८२ साली उघडले, १९४३ साली ती व्यवस्था सरकारने आपल्या ताब्यात घेतली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या चार दशकांत दूरध्वनी ही एक उपयोगाची वस्तू न राहता ते वतन होऊन बसले. अर्ज केल्यापासून यंत्र घरी येईपर्यंत वर्षामागून वर्षे जात. बापाने केलेल्या अर्जाचे फळ मुलाच्या पदरी पडावे, हा शिरस्ता मानला जाई. ज्यांना इतके थांबवत नसे, त्यांच्यासाठी ‘ओन युवर टेलिफोन’ नावाची एक योजना होती, जीत काही हजार रुपये आगाऊ भरणाऱ्यास सर्वसाधारण रांगेतून उचलून दुसऱ्या, अधिक प्रतिष्ठित रांगेत उभे राहण्याचा मान मिळे. खासदारांपाशी शिफारशीने जोडण्या देण्याचा कोटा असे, आणि त्यामुळे लोकप्रतिनिधीची योग्यता त्याच्या भाषणांवरून न ठरवता त्याच्या सहीच्या परिणामावरून ठरवण्याची निरोगी सवय मतदारांस लागली होती. दूरध्वनी ही चैन आहे, तो कोणाचा हक्क नव्हे, आणि ज्यांना सेवा पसंत नसेल त्यांनी यंत्र खुशाल परत करावे, अशा आशयाचे उत्तर एका केंद्रीय मंत्र्यांनी संसदेत दिल्याची गोष्ट जुने लोक अजून सांगतात. आणि पुढे असेही सांगतात की, यंत्र परत करणारा मनुष्य काही त्यांना सापडला नाही.

दूरध्वनी ज्याच्या घरी आला, त्याच्या घरी सारी आळी आली. ज्यांच्या घरी तो नव्हता अशा सद्गृहस्थांच्या भेटपत्रिकांवर शेजाऱ्याचा क्रमांक छापलेला असे आणि त्यापुढे ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे असत, ज्यांचा व्यावहारिक अर्थ असा की, हा क्रमांक फिरवणाऱ्याने एका निरपराध कुटुंबाला जेवणावरून उठवावे, त्या कुटुंबातील धाकट्या मुलाने तीन जिने उतरून समोरच्या वाड्यात हाक मारावी, आणि मग ओल्या हातांनी, धापा टाकत आलेल्या व्यक्तीने मामा ठीक आहेत एवढी बातमी ऐकून परत जावे. यंत्राच्या तबकडीला लहानसे कुलूप घालण्याची पद्धत होती. आणि कुलूप असतानाही रिसीव्हर ठेवण्याचा खटका लयीत ठोकून क्रमांक लावता येतो, हे शास्त्र मुलांच्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे केवळ मौखिक परंपरेने पोहोचत असे. परगावी बोलावयाचे तर रात्री अकरापर्यंत जागावे लागे, कारण त्यानंतर दर पाव होई. महाराष्ट्रातील कित्येक कुटुंबांतले महत्त्वाचे निर्णय, उदाहरणार्थ स्थळ पसंत असल्याचा होकार, केवळ याच कारणामुळे अर्धवट झोपेत घेतले गेलेले आहेत.

आणि या साऱ्या व्यवस्थेचा सूत्रधार म्हणजे लाइनमन. सायकल, कमरेला लटकवलेला चाचणीचा फोन, खांद्यावर तारेचे वेटोळे आणि चेहऱ्यावर मामलेदारालाही साधणार नाही असे औदासीन्य घेऊन हा पुरुष आळीत प्रवेश करी, तेव्हा ज्यांचा दूरध्वनी उत्तम चालू असे तेसुद्धा दारात येऊन उभे राहत. त्याला चहा विचारावा लागत नसे. तो आपोआप येई. दिवाळीत त्याची पोस्त ठरलेली असे. पोस्त पोहोचलेल्या घराची तारांची जोडी आणि न पोहोचलेल्या घराची जोडी एकाच डब्यात शेजारी शेजारी असूनही पावसाळ्यात त्यांपैकी एकच का बंद पडते, याचा उलगडा विद्युत्शास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात झालेला माझ्या पाहण्यात नाही.

तसे पाहता तांब्याची तार स्वभावाने सरळ होती. केंद्रातून दोन तारांची एक जोडी निघे, जमिनीखालच्या शेकडो जोड्यांच्या जाड केबलीतून रस्त्याच्या कडेच्या लोखंडी कपाटात येई, तेथून इमारतीच्या जिन्याखालच्या डब्यात, आणि तेथून खिळ्याखिळ्याला वळसे घेत दिवाणखान्यात. तिचे हाडवैर एकाच पदार्थाशी होते, ते म्हणजे पाणी. आणि तिला राहावयास मिळाला होता महाराष्ट्र. मृगाच्या पहिल्या सरीत केबलीच्या सांध्यात ओल शिरली की शेजारपाजारच्या जोड्या आपसात बोलू लागत, आणि डॉक्टरांना लावलेल्या फोनवर कांद्याच्या अडत्याचे भाव ऐकू येत. पुढे फोन सर्वस्वी मुका झाला की १९८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी लागे. बंद पडलेल्या दूरध्वनीची तक्रार दूरध्वनीवरूनच करावयाची या नियमामागे कोणाचे डोके होते ते इतिहासाला अज्ञात आहे. पण त्यायोगे शेजारधर्म जिवंत राहिला, हे मान्य केले पाहिजे.

तांब्यासाठी अश्रू ढाळणाऱ्यांपैकी मी नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. स्मरणरंजनाचा धंदा तेजीत असलेल्या या काळात जुन्या फोनच्या घंटेवर गद्यकाव्ये लिहिणारे पुष्कळ निघाले आहेत. ती घंटा महिनोन् महिने वाजत नसे, ही बाब त्यांच्या लिखाणात येत नाही. तथापि तांब्याचा एक गुण निर्विवाद होता. केंद्रातील प्रचंड विद्युत्घटांतून अठ्ठेचाळीस व्होल्टांचा प्रवाह त्याच तारेवाटे घरच्या यंत्राला पोसत असे, त्यामुळे गावाची वीज गेली तरी दूरध्वनी जात नसे. भारनियमनाच्या काळोखात, मेणबत्ती शोधताना ज्या वस्तूवर गुडघा आपटे ती वस्तू निदान चालू असे, आणि तिच्यावरून वीज मंडळाला फोन करून तेथला फोन कोणी उचलत नाही याची खात्री करून घेता येई. काचेला ही विद्या नाही. काच प्रकाश नेते; वीज नेत नाही. घरातली वीज गेली की घरातले तंतुयंत्रही डोळे मिटते, आणि म्हणून आता त्या यंत्रासाठी वेगळा छोटा विद्युत्संचय विकत घेण्याची चाल पडली आहे. जे काम सरकार आपल्या खर्चाने मुकाट्याने करीत होते, ते आपण आपल्या खर्चाने करू लागलो, यालाच अर्थशास्त्रात उदारीकरण म्हणत असावेत.

काचेचा इतिहास मात्र आपल्याला वाटतो तितका परका नाही. प्रकाशाला काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून हवा तसा वळवून नेता येतो, हे ज्यांनी १९५४ साली जगापुढे मांडले त्यांपैकी नरिंदरसिंग कपानी हे पंजाबातल्या मोगा गावचे. तंतूची काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश मैलोगणती जातील, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ साली गणिताने दाखवले आणि त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते २००९ साली. म्हणजे दूरध्वनीच्या प्रतीक्षायादीचा अनुभव केवळ आपल्याच देशाला आहे असे नव्हे. आणि भारतात दोन दूरध्वनी केंद्रांना जोडणारी काचेच्या तंतूची पहिली व्यवस्था १९७९ साली सुरू झाली, ती मुंबईत नव्हे, दिल्लीत नव्हे, तर पुण्यात. या घटनेचा उल्लेख करणारी एकही पाटी पुणेकरांनी कोठे लावलेली नाही, हा पुण्याच्या इतिहासातील अपवादच समजला पाहिजे. पुण्याच्या एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात गेलेली ही काच तेथून पुढे पुणेकराच्या दिवाणखान्यापर्यंत यावयास सुमारे चार दशके लागली. प्रकाश काचेतून सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, असे पदार्थविज्ञान सांगते. परंतु पदार्थविज्ञानाने परवानग्या हिशेबात धरलेल्या नसतात.

परवानग्यांविषयी बोलावे तितके थोडे. युरोपाच्या किनाऱ्यावरून निघालेली केबल भूमध्य समुद्र, लाल समुद्र आणि अरबी समुद्र यांच्या तळावरून हजारो किलोमीटर सरपटत मुंबईत वर्सोव्याच्या वाळूवर येऊन लागते, आणि या प्रवासात देवमाशांपैकी कोणी तिला हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. पण हीच काच एका सहकारी गृहरचना संस्थेच्या तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर चढू लागली, की तिला ना हरकत दाखला लागतो. कार्यकारिणीची सभा भरते. नव्याने रंगवलेल्या भिंतीला भोक पाडण्यास अध्यक्षांचा तात्त्विक विरोध असतो. खजिनदारांना कंपनीकडून संस्थेस काही वार्षिक मोबदला मिळावा असे वाटते. आणि तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त प्राध्यापक तंतूतून बाहेर पडणाऱ्या किरणांनी गुडघे दुखतात काय, हा प्रश्न इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरतात. ज्या काचेचा प्रकाशवाही गाभा जाडीला नऊ सहस्रांश मिलिमीटर असतो, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कित्येक पटींनी बारीक, तिच्यासाठी संमत होणारा ठराव दोन फुलस्केप पाने भरतो. ठराव संमत होईपर्यंत तंतू गच्चीवरून आलेलाच असतो. कारण केबलवाल्याचे आणि चौकीदाराचे बोलणे आदल्याच आठवड्यात झालेले असते.

हा केबलवाला म्हणजे या युगसंक्रमणातला खरा चिरंजीव. नव्वदीच्या दशकात गच्चीवर तबकडी उभारून ज्याने घराघरात मालिका नेल्या, आणि क्रिकेटच्या सामन्याच्या ऐन शेवटच्या षटकात ज्याच्या नावाने आळीने एकमुखाने उद्गार काढले, तोच आज कोणा ना कोणा कंपनीचा अधिकृत प्रतिनिधी होऊन काच विकतो. वडावरून आंब्यावर, आंब्यावरून रस्त्याच्या दिव्यावर आणि तेथून समोरच्या गच्चीवर अशी त्याची काच उघड्यावरून जाते. महापालिका तिला अनधिकृत ठरवून अधूनमधून कापते, आणि कापलेली काच दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवर पुन्हा दिसते. या उद्योगात दोन्ही पक्षांची माणसे कामाला लागलेली असल्यामुळे रोजगाराच्या दृष्टीने त्याचे मोल कमी लेखू नये.

काच जोडावयास येणारा तरुण हा लाइनमनाहून अगदी निराळ्या जातकुळीचा प्राणी आहे. तो मोटारसायकलवरून येतो, पाठपिशवीतून एक नाजूक यंत्र काढतो, तंतूची दोन टोके त्यात समोरासमोर ठेवतो, आणि विजेची एक बारीकशी ठिणगी पाडून काचेला काच अशी वितळवून जोडतो की सांधा डोळ्याला दिसू नये. हे कौशल्य खरोखर पाहण्याजोगे असते. देवघरातल्या समईची वातही ज्यांना एका काडीत लावता येत नाही अशी आम्ही माणसे त्याच्याभोवती कोंडाळे करून उभी राहतो. तो चहा घेत नाही, कारण त्याला पुढची चार घरे गाठावयाची असतात. पोस्तही मागत नाही. जाताना तो केवळ एवढेच म्हणतो की, “काका, तुम्हाला एक मेसेज येईल, तेवढे पाच स्टार द्या.” पोस्त वर्षातून एकदा द्यावी लागे आणि ती नाही दिली तर नुकसान आपले होते, तारे दर भेटीला द्यावे लागतात आणि ते नाही दिले तर नुकसान त्या पोराचे होते. त्यामुळे काम झालेले असो वा नसो, तारे द्यावेच लागतात. या देशातील ग्राहकांच्या समाधानाचे प्रमाण तिमाहीगणिक का वाढते, याचे हे एक कारण असावे.

तांबे आणि काच यांच्यातला सर्वांत मोठा भेद चोरांच्या लक्षात मात्र उशिरा आला. तांब्याच्या केबलीला मोडीच्या बाजारात किलोवर भाव होता, त्यामुळे रातोरात केबल उपटून नेणे हा एक सुस्थिर व्यवसाय होता. काचेच्या तंतूला भंगारवाला हातही लावत नाही. परंतु मातीखालच्या काळ्या नळीत तांबे आहे की काच, हे नळी कापल्याशिवाय कळत नाही. जॉर्जिया देशात २०११ च्या मार्च महिन्यात पंचाहत्तर वर्षांच्या एका आजीबाई तांबे सापडेल या आशेने जमीन उकरीत असताना त्यांच्या कुदळीखाली काचेची मुख्य केबल आली, आणि शेजारचा अख्खा आर्मेनिया देश काही तास इंटरनेटवाचून बसला, असे तेथील अधिकाऱ्यांनी जाहीर केले होते. एका कुदळीच्या घावात शेजारचे राष्ट्र मुके करण्याचे सामर्थ्य पूर्वी फक्त सम्राटांपाशी असे. वाराणसीच्या घाटांवर तर २०१५ साली माकडांनीच तंतू कुरतडल्याचे प्रसिद्ध झाले होते. आणि त्या क्षेत्रात माकडांवर कारवाई करण्याचा ठराव कोणी मांडला नाही, हे सांगावयास नको.

एवढा खटाटोप करून घरात आणलेल्या या वेगाचे आपण करतो काय, हा प्रश्न अभद्र खरा, पण विचारला पाहिजे. २००४ साली आपल्या सरकारने ब्रॉडबँड या पदवीला पात्र होण्यासाठी सेकंदाला दोनशे छप्पन किलोबिट एवढा वेग पुरेसा मानला होता. २०२३ मध्ये ही किमान पात्रता दोन मेगाबिटांवर नेण्यात आली. आणि आज मध्यमवर्गीय घरातला चौथीतला मुलगा शंभर मेगाबिट म्हणजे दारिद्र्य अशा मुद्रेने बापाकडे पाहतो. या वेगातून सकाळी सूर्योदयाची चित्रे येतात, ती आपण पुढे पाठवतो. दुपारी मालिकांचे चुकलेले भाग येतात, जे न चुकते तरी चालले असते. आणि संध्याकाळी न्यू जर्सीतल्या नातवाचे मुख पडद्यावर इतके स्वच्छ उमटते की त्याच्या दातातला तीळही मोजून घ्यावा. तरीसुद्धा आजोबा त्याच्याशी बोलतात ते ट्रंक कॉलच्याच पट्टीत, कारण अंतर पार करावयाचे ते आवाजाने, अशी त्यांच्या पिढीची धारणा आहे, आणि तंतू बदलला म्हणून माणसाने आपले तत्त्व सोडू नये. समोरच्या इमारतीतील लोकांना त्यामुळे न्यू जर्सीचे हवामान नित्य कळत राहते.

आमच्या मजल्यावर एक सेवानिवृत्त शिरस्तेदार राहतात. दूरसंचाराच्या प्रगतीचा इतका सर्वांगीण लाभ झालेले दुसरे कुटुंब माझ्या पाहण्यात नाही. त्यांच्याकडे तांब्याची जोडी आहे, जी त्यांनी ऐन तरुणपणी अर्ज करून प्रौढपणी मिळवली. ती कित्येक पावसाळे निश्चेष्ट पडून आहे. पण परत करावी तर अनामत रक्कम परत मिळण्यासाठी मूळ पावती हजर करावी लागते, आणि शिरस्तेदारांनी दुसऱ्यांच्या पावत्या जितक्या कसोशीने जपल्या तितक्या स्वतःच्या जपल्या नाहीत. सबब ते भाडे भरतात. पुढे त्यांनी एका कंपनीची काच घेतली. घरातल्या यंत्रावरचा तांबडा दिवा, जो तंतूतून प्रकाश येत नसल्याची खूण म्हणून लागतो, तो वारंवार लुकलुकू लागल्यावर त्यांनी तक्रार नोंदवली. तेव्हा आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाल्याचा संदेश त्यांना तांबड्या दिव्याच्या साक्षीने प्राप्त झाला. यावर इलाज म्हणून त्यांनी, सुज्ञ लोक करतात तसे, दुसऱ्या कंपनीचीही काच घेऊन ठेवली. दोन्ही काचांबरोबर एकेक दूरध्वनी क्रमांक फुकट आला. अशा रीतीने सेवा बिघडल्यामुळे ग्राहकसंख्या वाढली, आणि नियामकाच्या तिमाही अहवालात या एका बिऱ्हाडामागे तारेवरचे तीन दूरध्वनी रुजू झाले. त्यांच्या वडिलांना एक मिळवता आला नव्हता.

गेल्या ज्येष्ठात महापालिकेच्या माणसांनी पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून कोपऱ्यावरच्या वडाची एक फांदी उतरवली, आणि प्रतिस्पर्धी असलेल्या त्या दोन्ही कंपन्यांचे तंतू त्याच एका फांदीच्या आधाराने येत होते, ही गोष्ट तेव्हा उघडकीस आली. शिरस्तेदार आमच्या सज्जात आले. कारण त्यांच्या मोबाइलला आमच्या इमारतीत फक्त त्याच कोपऱ्यात रेंज सापडते. कंपनीचा क्रमांक लावल्यावर पलीकडील यंत्राने प्रथम मराठीसाठी तीन दाबण्यास सांगितले, ते त्यांनी दाबले. मग त्या यंत्राने अतिशय आर्जवी स्वरात, आपला लँडलाइन क्रमांक शहराच्या संकेतांकासह नोंदवावा, अशी विनंती केली. काचेबरोबर आलेला क्रमांक कोणता, हे शिरस्तेदारांना ठाऊक नव्हते, त्यांच्या मुलाला ठाऊक नव्हते, आणि सुनेने तर घरात असा काही क्रमांक आहे ही बातमीच प्रथम ऐकली. शिरस्तेदारांनी क्षणभर विचार केला आणि आयुष्यात जो एकच दूरध्वनी क्रमांक त्यांनी मिळवला होता, तो तांब्याचा क्रमांक मोठ्या बाण्याने दाबून टाकला. हा क्रमांक आमच्या दफ्तरी आढळत नाही, असे यंत्र म्हणाले; आणि आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याशी बोलेल, तोवर कृपया प्रतीक्षा करावी, असेही म्हणाले. प्रतीक्षा या विषयात शिरस्तेदारांना कोणी काही शिकवावे अशी स्थिती नसल्यामुळे त्यांनी आमच्याकडे एक खुर्ची मागितली, मोबाइल कठड्यावर उताणा ठेवला, आणि सुनेला हाक मारून वर्तमानपत्र मागवून घेतले.